कॅमेऱ्याला दिसलेला हरभरा

"भैया, खेत में कुछ नहीं है," फोनवर रामकली बाई म्हणाल्या.

मी थाटीपुरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये लॅपटॉपसमोर बसलो होतो. स्क्रीनवर त्यांच्याच शेताचा रिपोर्ट उघडा होता. आदल्या दिवसापासून मी तो सजवत होतो. शंभर जागांपैकी अठ्ठ्याण्णव जागी बरोबर एकच दाणा. आमच्या मशीनने इतका चांगला आकडा आजवर दिला नव्हता.

"कुछ नहीं मतलब, जिज्जी?" थोरल्या बाईला इकडे जिज्जी, म्हणजे ताई म्हणतात.

"मतलब कुछ नहीं. बगलवाले का चना दो अंगुल ऊपर आ गया. हमारा खेत जैसा तुम छोड़कर गए थे, वैसा ही पड़ा है."

"दो-चार दिन और देख लेते..."

"चना हमें मत सिखाओ. आकर देखो."

फोन बंद झाला. मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. अठ्ठ्याण्णव. पेरणीला अकरा दिवस झाले होते. हरभरा आठव्या-नवव्या दिवशी मातीतून डोकं काढतो.  

आमचं काम काय ते आधी सांगतो. आमचं पेरणी मशीन ट्रॅक्टरच्या मागे जोडतात. त्यात एक उभी चकती फिरते. तिला बारीक भोकं असतात. पंखा हवा ओढून घेतो, त्यामुळे प्रत्येक भोकाला एक दाणा चिकटतो. चकती फिरून खाली आली की दाणा सुटतो आणि फणाने काढलेल्या चरात पडतो. सगळं नीट चाललं तर दोन दाण्यांत सारखं अंतर राहतं. पण कधी भोक रिकामंच जातं. त्याला आम्ही मिस म्हणतो. कधी एका भोकाला दोन दाणे चिकटतात, तो डबल. ट्रॅक्टरवाल्याला पुढे बसून यातलं काही कळत नाही. उगवल्यावर कळतं, पण तेव्हा करण्यासारखं काही राहत नाही.

म्हणून कॅमेरा. प्रत्येक फणाच्या मागे एक, खाली चरात बघणारा. दाणा पडला की फोटो. सॉफ्टवेअर त्या फोटोतले दाणे मोजतं, त्यांच्यातलं अंतर मोजतं. मिस वाढले तर ट्रॅक्टरवरच्या स्क्रीनवर लाल खूण येते. कॅमेऱ्याच्या मागे कव्हरर असतो. कव्हरर म्हणजे दोन तिरकी लोखंडी पाती. ती दोन्ही बाजूंची माती ओढून दाण्यावर टाकतात. मग पेरणी पूर्ण.

ही कॅमेऱ्यांची जोडणी माझी होती. मी जवळच्याच डबऱ्याचा. वडील ट्रॉल्यांचं वेल्डिंग करायचे. सरकारी शाळेत शिकलो आणि घरातला पहिला पदवीधर झालो. आमचे पूर्वज दख्खनहून तलवार घेऊन आले म्हणतात. माझ्या आठवणीत घरात वेल्डिंगचं होल्डरच होतं. इंजिनिअर झाल्यावर काळे मॅडमनी मला नोकरी दिली. वर्कशॉप त्यांचं. पहिल्याच वर्षी त्यांनी कॅमेऱ्याचं सगळं काम माझ्यावर सोपवलं. माझ्यासारख्यावर इतका भरवसा कोणी टाकेल, असं मला वाटलं नव्हतं. त्या भरवशाला जागायचं म्हणून मी त्या अठ्ठ्याण्णवच्या मागे लागलो होतो.

मॅडमना फोन केला. त्या हरिशंकरपुरमला घरी होत्या. वीस मिनिटांत गाडी घेऊन वर्कशॉपच्या दारात.

"बस. आणि रिपोर्ट घे बरोबर."

मुरारची वस्ती मागे पडल्यावर त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाल्या, "बी कुठलं होतं, माहीत आहे ना तुला?"

मला माहीत होतं. रामकली बाईंचा नऊ बायकांचा गट होता. त्या वर्षी त्यांना पहिल्यांदाच पायाभूत बियाणं मिळालं होतं. पायाभूत म्हणजे ज्याच्यापासून पुढचं बी तयार करायचं, ते. बाजारात मिळत नाही. मोजकंच देतात, आणि ते ज्या शेतात पेरलं त्याची नोंदणी होते. इन्स्पेक्टर येऊन उभं पीक बघतो. पीक पास झालं की ते बी नऊही जणींच्या शेतांत पुढच्या वर्षी जाणार होतं. गावात सगळ्यांकडे जुना, मर लागणारा हरभरा होता. उभी झाडं एकदम वाळायची. म्हणून या बियाची त्यांनी दोन वर्षं वाट पाहिली होती. एकेक दाणा मोलाचा, म्हणूनच तर त्यांनी आमचं मशीन बोलावलं होतं.

"बीच खराब असेल का, मॅडम?" मी विचारलं.

"असेल तर आपल्यासाठी बरंच होईल," मॅडम म्हणाल्या. "पण तू आधी बघून घे, मग बोल."

शेत रस्त्याला लागूनच होतं. गाडीतून उतरलो आणि मी जागीच थांबलो.

डावीकडे शेजाऱ्याचं शेत. हिरव्या ओळी, वाकड्यातिकड्या, कुठे दाट कुठे विरळ, पण ओळी. बांधाच्या उजवीकडे आमचं शेत. त्यात एकही हिरवं पान नव्हतं. अक्षरशः एकही. काहीतरी चुकलं असेल, पाव भाग उगवला नसेल, अशी तयारी मनाशी केली होती. हे पाहायची तयारी नव्हती. लॅपटॉप माझ्या काखेत होता आणि तो एकदम जड वाटायला लागला.

रामकली बाई बांधावर उभ्या होत्या. साठीच्या आसपासच्या, सुती पदर डोक्यावर घट्ट. गटातल्या चार-पाच जणी मागे होत्या. ट्रॅक्टर चालवणारे हरचरण भैयाही आलेले होते. ते त्याच गावचे.

"राम राम, जिज्जी," मॅडम म्हणाल्या.

"राम राम. देख लो, मैडम. तुम्हारे कैमरे को कुछ दिख रहा हो तो हमें भी दिखा दो."

मागच्या बायकांपैकी एकजण हसली. रामकली बाई हसल्या नाहीत.

मी पहिल्यांदा बियाविषयी विचारलं.  रामकली बाईंनी पदराखालून एक गुंडाळलेलं ओलं गोणपाट काढलं आणि माझ्यासमोर उलगडलं. त्यात शंभर हरभरे ओळीने ठेवलेले होते. बहुतेक सगळ्यांना बोटभर मोड आले होते.

"फोन करने के तीन दिन पहले ही भिगो दिए थे. हमें पता था, तुम यही पूछोगे."

म्हणजे बी चांगलं होतं. उरलं माझं सॉफ्टवेअर. ते ढेकळांना दाणे समजलं असेल का? तसं होऊ शकतं. मी गाडीत बसून, डोक्यावरून टॉवेल घेऊन, फोटो एकेक करून पाहिले. पन्नास पाहिले, शंभर पाहिले. प्रत्येक फोटोत चराच्या तळाशी गोल, पिवळट, स्वच्छ दाणा. ढेकूळ एकही नाही. मोजणीत चूक नव्हती.

आता मला खरंच काही सुचेना. दाणा चांगला. दाणा पडला, त्याचा फोटो आहे. शेजारी, त्याच दिवशी, त्याच पलेव्यावर पेरलेलं उगवलं. पलेवा म्हणजे पेरणीआधी दिलेलं पाणी. मग आमचा दाणा गेला कुठे?

"खोद," मॅडम म्हणाल्या.

हरचरण भैयांनी खुरपं दिलं. मी ओळीत बसून खोदायला लागलो. ओळीच्या लांबीने एक हात, दोन हात, तीन हात. दाणा नाही. सालं मिळाली. कोरडी, फाटलेली हरभऱ्याची सालं. मग दोन दाणे मिळाले, उन्हाने सुकून दोन दळं झालेले. ते मातीच्या आत नव्हते. ते वरच होते.

मी खुरपं खाली ठेवलं आणि पहिल्यांदा शेताकडे खालून, बसल्या जागेवरून पाहिलं. तिरपं ऊन होतं. प्रत्येक ओळीत एक सावली होती. म्हणजे प्रत्येक ओळीत चर अजून उघडा होता.

"मोर," हरचरण भैया वरून म्हणाले. "दूसरे दिन से ही बीस-पच्चीस उतर रहे थे. हमने सोचा, कीड़ा चुग रहे हैं."

"मोर शेजारच्या शेतातही येतात की," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो. स्वतःशीच म्हटल्यासारखं.

त्यांना अंदाजाने समजलं असावं. "वहाँ दाना दिखे तब ना. वहाँ पाटा चला था."

पाटा म्हणजे जड लाकडी फळी. पेरणी झाली की तिच्यावर एखादा माणूस उभा राहतो आणि ती शेतभर ओढतात. ढेकळं फुटतात, चर बुजतात. या भागात पाटा फिरवल्याशिवाय पेरणी झाली असं कोणी म्हणत नाही. रामकली बाईंनीही त्या दिवशी पाटा आणून ठेवला होता. फिरवू का म्हणून मला विचारलं होतं. मी नको म्हणालो होतो. कॅमेऱ्याने मोजलेलं अंतर पाट्याने बिघडेल, म्हणालो होतो. कव्हरर आहे ना, असंही म्हणालो होतो.

आणि कव्हरर.

इथे मला जे कळलं, ते कळल्यावर मी उभा राहिलो आणि पुन्हा बसलो.

कॅमेरा आणि कव्हरर यांच्यात मूळ मशीनमध्ये जेमतेम चार बोटं जागा होती. कव्हररची पाती माती उडवायची, ती कॅमेऱ्याच्या काचेवर यायची. फोटो धुरकट यायचे. मोजणी नव्वदीच्या वर जाईना. म्हणून महिनाभर आधी मी कव्हरर एक वीत मागे नेला होता. वडिलांकडून शिकलेलं कामी आलं. लांब पट्टी कापून मी स्वतः वेल्डिंग केलं. फोटो आरशासारखे यायला लागले. मुरारच्या पुढे आमचा टेस्ट प्लॉट आहे. तिथे माती दोनदा रोटाव्हेटर मारून पिठासारखी केलेली असते. तिथे चर आपोआप ढासळतो. तिथे सगळं उगवलं होतं.

पण पट्टी लांब झाल्यावर कव्हररच्या स्प्रिंगचा ताण कमी झाला होता. पाती जमिनीवर दाबली जात नव्हती, नुसती वरून सरकत होती. रामकली बाईंच्या शेतात बाजरीनंतरची ढेकळं होती. तिथे माती ओढलीच गेली नाही. दाणे होते तसे उघडे राहिले. पाटा मी फिरवू दिला नाही.

तरी एक गोष्ट मनाला पटत नव्हती. इतके फोटो काढले. त्यात हे दिसलं कसं नाही?

मी पुन्हा गाडीत गेलो. कडेच्या फणाच्या कॅमेऱ्यात शेजारची, आधीच्या फेरीत पेरलेली ओळही थोडी यायची. सॉफ्टवेअर तिथलेही दाणे मोजायचं, एकच दाणा दोनदा. म्हणून मी प्रोग्राममध्ये फोटोच्या दोन्ही कडा काळ्या करून टाकल्या होत्या. मधली पट्टीच मोजायची. मूळ फोटो मात्र तसेच साठवलेले होते. मी काळं काढलं.

दुसऱ्या फेरीच्या पहिल्याच फोटोत, डाव्या कडेला, आधीच्या फेरीतली ओळ. तिच्यावरून कव्हरर आधीच गेलेला. तिच्यात दाणे उघडे पडलेले. दुसऱ्या फोटोत तेच. तिसऱ्यात तेच. मी भराभर पुढे गेलो. शेवटच्या फोटोपर्यंत, प्रत्येकात. अकरा दिवस ते माझ्या लॅपटॉपमध्ये होतं. मी तोच फोल्डर रोज उघडत होतो आणि आकडा बघून बंद करत होतो.

टॉवेल डोक्यावरून सरकला. मॅडम खिडकीतून वाकून बघत होत्या.

"हे काय आहे?"

"आधीची ओळ."

"कव्हररनंतरची?"

"हो."

त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "कव्हरर मागे कोणी नेला?"

"मी."

"मला सांगितलंस?"

"फोटो दाखवले होते, मॅडम."

"फोटो दाखवलेस. कव्हरर नाही दाखवलास."

हरचरण भैया जवळ आले होते. त्यांना भाषा पूर्ण कळत नव्हती, पण बोट कुठे रोखलंय ते कळलं. ते मॅडमना म्हणाले, "मैंने तो उसी दिन कहा था, नाली खुली जा रही है. साहब बोले, आप आगे देखो, पीछे कैमरा देख रहा है."

मी तसं म्हणालो होतो. ते आठवत नव्हतं असं नाही. त्यांनी ते सांगितलं तेव्हा आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मला वाटलं, मॅडम आता रामकली बाईंशी बोलतील. काहीतरी टेक्निकल सांगतील आणि आम्ही निघू. त्या म्हणाल्या, "जा. सांग."

"मी?"

"और कौन? पाटा तू थांबवलास. मी उभी आहे मागे."

मी बांधापर्यंत गेलो. पाच-सहा जणी माझ्याकडे बघत होत्या. कॉलेजात प्रोजेक्ट सांगताना मी कधी अडखळलो नव्हतो. इथे माझ्या तोंडून सुरुवातच होईना. शेवटी सरळ सांगितलं. फोटो चांगला यावा म्हणून माती टाकणारं पातं मी मागे नेलं. त्यामुळे बी उघडं राहिलं. पाटा फिरवला असता तर बुजलं असतं, तोही मीच फिरवू दिला नाही. बियाची चूक नाही, तुमची चूक नाही.

रामकली बाईंनी लॅपटॉप मागितला. उन्हात त्यांना दिसेना, म्हणून पदराने सावली केली. बराच वेळ पाहिलं.

"कितना साफ़ दिख रहा है," त्या म्हणाल्या. मग लॅपटॉप परत दिला. "कैमरे को भी दिखा, मोर को भी दिखा. बस मिट्टी को नहीं दिखा."

त्यांनी पदर पुन्हा डोक्यावर घेतला.

"तुम्हारे घर में खेती नहीं है?"

"नहीं, जिज्जी."

"तो पूछ लेते. हम यहीं तो बैठे थे, मेंड़ पर. दिन भर."

  पेरणीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत नऊ बायका बांधावर बसलेल्या होत्या. त्यांच्यातल्या प्रत्येकीने चाळीस-पन्नास वर्षं हरभरा पेरलेला होता. मी त्यांना चहा दिला होता आणि स्क्रीन दाखवली होती. विचारलं काहीच नव्हतं.

मॅडमनी विचारलं, "जिज्जी, बीज बिल्कुल नहीं बचा?"

रामकली बाईंनी मागे वळून एकीकडे पाहिलं. ती मान हलवून म्हणाली, "बता दो."

तेव्हा कळलं. त्यांच्याकडे रीत आहे की सगळं बी एका पेरणीत मातीत घालायचं नाही. तिसरा हिस्सा मातीच्या कोठीत ठेवायचा आणि कोठीचं तोंड शेणमातीने लिंपून टाकायचं. शेतात रोप दोन बोटं वर येईपर्यंत ते फोडायचं नाही. आम्ही पेरलं तेव्हा सगळं बी दिलंय, असं मी धरून चाललो होतो. त्यांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं. शेताच्या तिसऱ्या हिस्स्याला दोर बांधून, तेवढा सोडून द्या म्हणून त्या म्हणाल्या होत्या, तो भाग कशासाठी सोडला हेही मी विचारलं नव्हतं.

पेरणीचे दिवस संपत आले होते, पण अजून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपमध्ये माझीच वेल्डिंग केलेली पट्टी ग्राइंडरने कापली आणि कव्हरर जुन्या जागी नेला. मॅडमनी स्वतः स्प्रिंग ओढून पाहिली. मग म्हणाल्या, "एक कॅमेरा कव्हररच्या मागे लाव."

"मागे काय दिसणार, मॅडम? माती."

"तेच दिसायला पाहिजे."

मी लावला. त्या कॅमेऱ्याला दाणा दिसला तर लाल खूण येते, आणि काहीच दिसलं नाही तर काम बरोबर. आमच्या सगळ्या मशीनवर आता तो आहे.

कोठी फोडली तेव्हा मी तिथे होतो. बी मशीनमध्ये ओतताना रामकली बाईंनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. दोर बांधलेल्या त्या तुकड्यात पेरणी झाली. पुढच्या कॅमेऱ्याचे फोटो पुन्हा धुरकट आले, आकडा शंभरात नव्वदवर आला. मागच्या कॅमेऱ्याने नुसती माती दाखवली. त्यावर पाटा फिरला. पाट्यावर वजन म्हणून कोणीतरी उभं राहायचं असतं. हरचरण भैया म्हणाले, "साहब को खड़ा करो, वज़न अच्छा है." मी उभा राहिलो. दोनदा पडलो. त्या बायका पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

दहाव्या दिवशी फोन आला. "आ गया." एवढंच.

इन्स्पेक्टर आला, पीक पास झालं, पण नोंदणी तेवढ्या तुकड्याचीच झाली. उरलेल्या दोन भागांत त्यांनी उशिराचा गहू घातला. वर्षअखेरीला बी नऊ जणींना मिळायचं होतं, ते तिघींना मिळालं. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. रामकली बाईंचं नाव निघालं नाही. त्यांनी आणखी एक वर्ष जुनाच हरभरा पेरला आणि त्यातला बराच मर लागून वाळला. हे मला त्यांनी सांगितलं नाही. हरचरण भैयांनी सांगितलं.

नोकरी गेली नाही. मॅडम मला त्याबद्दल पुन्हा कधी बोलल्या नाहीत. फक्त आमच्या रिपोर्टच्या फॉर्मवर वर एक रकाना वाढला. तिथे शेताच्या मालकाने किंवा मालकिणीने पेरणीच्या दिवशी काय सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं. तो रकाना रिकामा असेल तर मॅडम पुढचा आकडा वाचत नाहीत.

गेल्या हंगामात रामकली बाईंनी मशीन पुन्हा बोलावलं. मला खरं वाटेना. फोनवर त्यांनी एकच अट घातली. इंजीनियर भैयाने ट्रॅक्टरवर बसायचं नाही, स्क्रीन धरायची नाही. मशीनच्या मागून, ओळीतून, पायी चालत यायचं.

मी पूर्ण शेत चाललो. साडेचार तास लागले. दोन ठिकाणी ढेकळात चर उघडा राहिला होता. दोन्ही वेळा मागच्या कॅमेऱ्याच्याही आधी तो मला दिसला, आणि माझ्याही आधी बांधावरच्या बायकांना.